टायरवाल्याला विचारा: बोलेरोला ऑफरोड टायर घालू का, आणि इतर पत्रं

मागच्या अंकात पावसाळ्याआधी टायर बदलण्याविषयी लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांना एकच हवंय, स्वस्तातला चांगला ऑफरोड टायर. कराडच्या हायवेला माझं दुकान आहे. एका बाजूने पुणे-कोल्हापूरच्या गाड्या येतात, दुसऱ्या बाजूने कुंभार्ली घाट चढून चिपळूणच्या. दोघांनाही तोच टायर विकला तर दोघांपैकी एक जण वर्षभरात शिव्या देत परत येतो. म्हणून टायर दाखवायच्या आधी मी गाडी फिरते कुठे ते विचारतो. पत्र लिहिणाऱ्यांनीही तेवढं लिहावं. पहिल्या पत्रात ते सगळं आहे, म्हणून त्याचं उत्तर सगळ्यात लांब.

प्रश्न: आमची बोलेरो २०१९ ची आहे. डांबरी संपल्यावर वाडीपर्यंत पाच किलोमीटर कच्चा चढ आहे, तांबडी माती आणि जांभ्याची खडी. रोज पाटण, आठवड्यातून एक-दोनदा कराड, महिन्याकाठी पुणे. पावसात चढाला गाडी मागून सरकते. एक दुकानदार म्हणतो २३५/७५ आर १५ मापाचे ऑफरोड टायर घाला, रिम तेच चालतात, गाडी रुबाबदार दिसेल. चुलतभाऊ म्हणतो साधेच घाल. स्टेपनी धरून पस्तीस हजारांच्या आत बसवायचंय.
— एक वाचक, पाटण तालुका

उत्तर: चुलतभावाचं निम्मं बरोबर आहे आणि दुकानदाराचं निम्मं चूक, तेव्हा घरात भांडण नको.

आधी माप बघू. तुमच्या गाडीचं मूळ माप २१५/७५ आर १५. म्हणजे टायर २१५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. हिशेब केला तर उभा टायर भरतो साधारण ७०४ मिलिमीटर. दुकानदाराचा २३५ वाला भरतो ७३४. फरक तीस मिलिमीटरचा, पण गाडी उचलते त्याच्या निम्मी, म्हणजे पंधरा. तेवढ्यासाठी काय काय गमावता बघा. चाकाचा घेर चार टक्क्यांनी वाढला, की काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असेल. इंजिनाला जड चाक फिरवायचंय, त्यामुळे ज्या चढासाठी टायर घेताय त्याच चढावर ओढ कमी पडेल. सात माणसं भरून पूर्ण वळण घेतलं तर टायर मडफ्लॅपला किंवा आतल्या पत्र्याला घासू शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांविषयी आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने टायरचं माप टिपून घेतलं, तर तेव्हा रुबाब कामाला येत नाही.

अजून एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तुमच्याकडे वर चार बोटं चिखल असतो आणि खाली कठीण मुरूम किंवा कातळ. अशा ठिकाणी अरुंद टायर चिखल कापून खाली टेकतो, रुंद टायर वरच्या वर तरंगत सरकतो. तेव्हा माप मूळचंच ठेवा.

आता नक्षी. बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत. एचटी म्हणजे रस्त्याचा टायर, बारीक नक्षी, आवाज कमी, ओल्या डांबरावर ब्रेक चांगला. एमटी म्हणजे चिखलाचा, मोठी बटणं (म्हणजे नक्षीचे उठावदार ठोकळे) आणि मध्ये बोट जाईल एवढ्या फटी. एटी या दोघांच्या मधला. महिन्यातून एकदा कच्च्यात उतरणाऱ्याला मी एचटीच देतो. तुमचा कच्चा रस्ता रोजचा आहे आणि त्यावर जांभ्याची धारदार खडी आहे, तेव्हा तुम्ही एटी घ्या. पकड थोडी वाढेलच, पण खरा फायदा असा की एटीचा रबर जाड असतो, खडीने लवकर कापला जात नाही.

मात्र एटीतही दोन स्वभाव असतात. दुकानात टायर उभा करायला सांगा आणि मधोमध बोट फिरवा. मधली बटणं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली, एका पट्टीत असतील तर तो रस्त्याकडे झुकणारा एटी. मध्येच मोठ्या फटी असतील तर चिखलाकडे झुकणारा. तुम्ही पहिला घ्या, कारण तुमचे बहुतेक किलोमीटर डांबरावरच जातात आणि कोयनेच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ते डांबर ओलंच असतं. मोठ्या बटणांचा टायर ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर उशिरा थांबतो.

आणि गाडी मागून सरकते त्याचा सगळा दोष टायरचा नाही. बोलेरोला ओढ मागच्या चाकांची आहे आणि एकटे असताना मागे वजन नसतं. त्यात तुमच्या चढावर श्रावणात शेवाळ धरत असणार. त्यावर कुठलाच टायर जादू करत नाही. मागच्या बाजूला दोन पोती वाळू टाकून बघा, फरक तुम्हालाच कळेल. आणि हवा! 'लांब जायचंय, चाळीस भर' म्हणणारी माणसं मी रोज बघतो. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढीच, टायर थंड असताना. जास्त हवेने टायर मध्येच टेकतो, पकड जाते आणि नक्षी मधून झिजते.

दुकानात 'एलटी घ्या, दणकट असतो' असंही सांगतील. एलटी हा माल वाहणाऱ्या गाडीचा टायर. तो दणकट असतो हे खरं, पण त्याला हवाही जास्त लागते. मागच्या सीटवर म्हातारी माणसं बसत असतील तर पुण्याला पोचेपर्यंत त्यांच्या कमरेचं काय होतं ते विचारून घ्या. नको. मापापुढे १०० एस असं काहीतरी छापलेलं असतं, त्यातला १०० म्हणजे एका टायरला ८०० किलोची ताकद आणि एस म्हणजे ताशी १८० पर्यंतचा वेग. जुन्या टायरवर जो आकडा आहे, त्याच्याखाली जाऊ नका.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कर धरण्याआधी पाच हजारांचा असलेला टायर पूर्वी ६,४०० ला पडायचा, तो आता ५,९०० ला पडतो. दुकानदार जुनाच भाव सांगत असेल तर पक्कं बिल मागा, भाव आपोआप खाली येतो. एमआरएफचा वाँडरर, अपोलोचा ॲप्टेरा, सिएटचा झार, जेके टायरचा रेंजर, ब्रिजस्टोनचा ड्युएलर अशा मालिकांमध्ये एटी नक्षी मिळते. प्रत्येकाकडे तुमचं माप असेलच असं नाही, दोन-तीन दुकानं फिरा. मोठ्या अमेरिकन नावांच्या मागे लागू नका. जून २०२० पासून सरकारने टायरची आयात परवान्याखाली आणली आहे, तेव्हापासून तो माल कमी आणि महाग. आणि गरजही नाही हो. सिएटचे कारखाने नाशिकला आणि बुटीबोरीला, गुडइयरचा वाळूजला, ब्रिजस्टोनचा चाकणला, एमआरएफचा गोव्यात उसगावला. आपल्या घराच्या चारी बाजूंनी टायर बनतोय.

किंमत बघताना भागाकार करा. समजा एक टायर ६,००० चा आणि ४० हजार किलोमीटर चालला, तर किलोमीटरला पंधरा पैसे. दुसरा ८,५०० चा आणि ६५ हजार चालला, तर तेरा पैसे. पण मागच्या टायरांनी किती किलोमीटर दिले हे कुणी लिहूनच ठेवत नाही. बिलाच्या मागे बसवल्या दिवशीचं किलोमीटर लिहा. बजेट ताणलं जात असेल तर चारच नवे घ्या आणि जुन्यातला सगळ्यात बरा स्टेपनीला ठेवा, त्याची नक्षी तीन मिलिमीटर तरी शिल्लक हवी.

बसवल्यावर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. पुढे दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः बघायचं. गाडी थंड असताना पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बटणांच्या कडा बोचल्या, तर चाकं सरळ धावत नाहीयेत, रस्त्यावर घासत चालली आहेत. डोळ्यांना हे दिसेपर्यंत टायर निम्मा खाल्लेला असतो. आणि टायरची बाजूही बघा! नक्षी पूर्ण असून बाजूला फुगा आला असेल, तर आतल्या दोऱ्या तुटल्यात. तो टायर त्याच दिवशी काढायचा, स्टेपनीलाही नको.

प्रश्न: दुकानदार २०२३ सालचे टायर जोडीमागे दोन हजार कमी करून देतोय. 'पडून होते, वापरलेले नाहीत' म्हणतो. घ्यावेत का?
— वाचक, इस्लामपूर

उत्तर: टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटचे चार आकडे बघा. ३४२३ असेल तर २०२३ च्या चौतिसाव्या आठवड्यातला, म्हणजे ऑगस्टमधला. कधीकधी हे आकडे एकाच बाजूला असतात आणि दुकानदार ती बाजू भिंतीकडे करून ठेवतो, तेव्हा टायर फिरवून बघा. बंद, अंधाऱ्या गोदामात ठेवलेला दोन वर्षांचा टायर मी घेईन. दाराबाहेर उन्हात मांडलेला सहा महिन्यांचाही घेणार नाही. तुमची गाडी भरपूर पळत असेल आणि टायर दोन-अडीच वर्षांत संपणार असेल तर सौदा बरा. गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघत असेल तर नक्षी शिल्लक असतानाच रबर तडकेल, तेव्हा ताजाच घ्या. वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरणार ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न: माझी पिकअप आहे, ओढ मागच्या चाकांना. ज्वारीची पोती, कधी डाळिंब, कधी शेळ्या. अवकाळी झाला की काळ्या रानात गाडी जागेवर फिरते. मागे ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे रिमोल्ड (जुन्यावर नवा रबर चढवलेले) टायर निम्म्या किमतीत मिळतायत. दोन टनांपर्यंत भरतो. घालू का?
— पिकअपमालक, मंगळवेढा

उत्तर: तुम्ही मंगळवेढ्याचे, काळी माती मी तुम्हाला काय शिकवणार! ती ओली झाली की फटींत भरते आणि सोडत नाही. दहा फेऱ्यांत एटी काय आणि एमटी काय, सगळे टायर गोटा होतात. ट्रॅक्टरचं चाक उंच आणि त्याच्या फटी हातभर, म्हणून ते चिखल झटकतं. त्याची नक्षी पिकअपच्या टायरवर चिकटवून पिकअपचा ट्रॅक्टर होत नाही. वाफसा आल्याशिवाय गाडी रानात घालू नका. पोती ट्रॉलीने बांधावर आणा आणि तिथून पिकअपमध्ये भरा. ट्रॉलीचं भाडं जाईल, पण क्लचप्लेट वाचेल आणि शेजाऱ्याचा ट्रॅक्टर ओढायला बोलवावा लागणार नाही.

रिमोल्ड किंवा रिट्रेड वाईटच असतो असं नाही. एसटी महामंडळाचे स्वतःचे रिट्रेडिंगचे कारखाने आहेत आणि त्या टायरांवर अख्खा महाराष्ट्र फिरतो. पण तिथे आतला सांगाडा कुठला, किती चालला, कुठे फाटला याची नोंद असते. तुम्हाला निम्म्या किमतीत मिळतोय त्याचा जन्म कुठे झाला हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अगदीच घ्यायचा तर स्वतःच्याच जुन्या, न फुटलेल्या टायरांना रिट्रेड करून घ्या आणि फक्त मागे लावा. पुढे कधीच नाही. आणि गुळगुळीत टायरवर गरम पातीने नवी नक्षी कापून देणारे कारागीर असतात, त्यांच्यापासून चार हात लांब.

खरी अडचण तुमच्या 'दोन टनां'त आहे. पिकअपच्या एलटी टायरवर १०६/१०४ असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाकांचा. १०६ म्हणजे ९५० किलो. मागचे दोन मिळून १,९००, आणि त्यात गाडीचं मागचं स्वतःचं वजनही आलं. तुमच्या टायरवरचा आकडा वाचा आणि बेरीज करा. एप्रिलच्या उन्हात, सोलापूरच्या रस्त्यावर, जास्त वजन आणि कमी हवा एकत्र आली की टायर आतून तापतो, बाहेरून काही दिसत नाही आणि मग पट्टाच सुटून जातो. साधे रस्त्याचे एलटी टायर घ्या, मूळ मापाचे, मूळ ताकदीचे. हवा भरताना भरलेल्या गाडीची वेगळी आणि रिकाम्या गाडीची वेगळी, दोन्ही आकडे गाडीच्या पुस्तकात आहेत.

प्रश्न: मुलगा कॅनडात माँट्रियलला आहे. नवीन एसयूव्ही घेतली, तिला 'ऑल सीझन' टायर आलेत. तरी तिथले लोक म्हणतात हिवाळ्यासाठी दुसरे चार घे. वर्षभर चालणारे टायर असताना हा खर्च कशाला? कुणी फसवत तर नाही ना त्याला?
— एक आई, सांगली

उत्तर: नाही ताई, कुणी फसवत नाहीये. माँट्रियल क्युबेक प्रांतात येतं आणि तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असावं लागतं. नुसती एम आणि एस (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) ही अक्षरं तिथे पुरत नाहीत.

कारण रबरात आहे. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचा रबर कडक व्हायला लागतो आणि पकड सोडतो. हिवाळी टायरचा रबर थंडीतही मऊ राहतो, शिवाय बटणांवर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. आपल्याकडे सांगलीत जानेवारीत पहाटे गारठा वाजतो तेव्हाही दुपारी टायर तापलेलाच असतो, म्हणून आपल्याला हा प्रश्न कधी पडत नाही.

मुलाला खर्च वाचवायचाच असेल तर दोन वाटा आहेत. 'ऑल वेदर' नावाचे टायर मिळतात, त्यांच्यावर ते हिमकणाचं चित्र असतं आणि क्युबेकमध्ये चालतात. थोडं शहरातलंच फिरणं असेल तर एकच संच पुरेल. लांबचा प्रवास असेल तर दुसरा संच घ्यावा, पण साध्या लोखंडी रिमांवर बसवून, म्हणजे दर सहा महिन्यांनी टायर काढा-घाला करायचा खर्च वाचतो. गाडीला एक इंच लहान रिम चालत असेल तर हिवाळी टायर त्या मापात स्वस्त पडतात. आणि दोन संच आळीपाळीने वापरले की दोन्ही जास्त वर्षं टिकतात, तेव्हा दिसतो तेवढा दुप्पट खर्च नाही. चारही चाकांना मात्र एकाच जातीचे. गाडी चारही चाकांना ओढ असलेली असली तरी बर्फावर थांबवायचं काम टायरच करतो.

ता. क. मनाली-लेहला निघालेले आपले लोक माझ्याकडे 'स्नो टायर' मागतात. उन्हाळ्यातल्या प्रवासाला चांगल्या स्थितीतले एचटी किंवा एटी पुरतात. पहाटे रस्त्यावर काळा बर्फ, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पातळ थर, असेल तर चाकाला साखळी लावा, नाहीतर ऊन येईपर्यंत चहा प्या.

प्रश्न: थार घेतली. कंपनीचे २५५/६५ आर १८ एटी टायर आहेत. ते काढून ३३ इंची एमटी घालायचेत. शनिवार-रविवार मुळशी, ताम्हिणी आणि अलिबागकडचे बीच. स्वस्तात कोणते मिळतील?
— वाचक, कोथरूड

उत्तर: स्वस्तात पाहिजे तर आहेत तेच ठेवा. उभे मोजले तर ते ३१ इंची आहेतच. ३३ घातले तर काटा सहा टक्के खोटा बोलेल, गाडी उचलावी लागेल आणि ताम्हिणीत पावसात मोठ्या बटणांवर ब्रेक लावाल तेव्हा पुढच्या वळणाची आठवण ठेवा. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्यांचा घूं-घूं आवाज पहिला आठवडा छान वाटतो.

बीचवर गाडी नेऊच नका. पोलीस कारवाई करतात, खाऱ्या पाण्याने खालचा पत्रा खाल्ला जातो आणि भरती आली की गाडी काढायला जेसीबीही वेळेत पोचत नाही. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात, तिथे तर बोलायलाच नको. चिखलाचीच हौस असेल तर खाजगी ऑफरोड ट्रॅकवर जा. तिथे टायरची हवा वीसच्या आसपास उतरवा, तुमचे आत्ताचे एटी काय करतात ते बघा. येताना हवा परत भरा, आणि त्यासाठी बाराशे-पंधराशेचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत टाका. एमटीचे उरलेले पैसे डिझेलला होतील.

प्रश्न: नायट्रोजन भरावा का?
— वाचक, सातारा

उत्तर: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट देत असतील तर भरून घ्या. पैसे मागत असतील तर साधी हवा भरा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा, स्टेपनीसकट.